पाण्याच्या दिवशी बादलीला हात लावायचा नाही

पत्र : डॉक्टर मॅडम, मी ४३ वर्षांची, राहायला सोलापुरात, अशोक चौकाच्या मागे. मालक लूमवर जातात, मी घरी विड्या वळते. वर्षभर डाव्या पायात कळ होती. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीचं ऑपरेशन झालं, त्याला आज १९ दिवस झाले. पायातली कळ गेली, पण अंगठ्याला आणि पावलावर अजून मुंग्या आहेत. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना अंथरूण सोडायचं नाही. नणंद म्हणते, ओळखीचा मालिशवाला आहे, दोन हात फिरवले की मुंग्या जातील. दवाखान्यातून निघताना "चालत राहा, वाकू नका" एवढंच सांगितलं. पण घरात वाकल्याशिवाय काय होतं? आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं. परवा आलं तेव्हा घरात मी एकटीच. अर्धी बादली उचलली आणि कमरेत अशी चमक भरली की भिंत धरून उभी राहिले. अजून कुणाला सांगितलं नाही. ऑपरेशन वाया गेलं का? विड्यांना कधी बसता येईल? पोरांची फी, गटाचा हप्ता, सगळं डोक्यावर आहे. बसून खायची सवय नाही मला.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्या प्रश्नांकडे नंतर येते, आधी त्या अर्ध्या बादलीबद्दल बोलू. तेव्हापासून तुम्ही ती भीती एकटीनं पोटात ठेवली असणार.

चमक कमरेतच राहिली की पायात उतरली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सगळं त्यावर आहे. ऑपरेशनसाठी बाजूला सारलेले कमरेचे स्नायू तीन आठवड्यांत पुरते सावरत नाहीत. अचानक वजन पडलं की ते आखडतात आणि जीव कळवळतो. असं दुखणं कमरेतच राहतं आणि दोन-चार दिवसांत उतरत जातं. तसं असेल तर ऑपरेशन वाया गेलेलं नाही. पण ती जुनी, ओळखीची कळ, कुल्ह्यातून निघून मांडीच्या बाहेरून पोटरीत आणि पावलात जाणारी, परत आली असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे उद्याच जा आणि बादलीचं खरं सांगा. ते रागावतील म्हणून लपवलं तर तपासणी अंदाजानं होते.

एक तपासणी तुम्ही घरीच करू शकता. खुर्चीवर बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवा आणि दोन्ही पायांचे अंगठे छताकडे उचला. डावा उजव्याइतका येतो का बघा. मग मुलाला शेजारी उभं करून, भिंतीला हात लावून टाचांवर चार पावलं चाला. तुमच्या ज्या नसेवरचा दाब काढला तीच नस हा अंगठा उचलते. मुंग्या असल्या तरी अंगठा जोरात वर येत असेल तर ती बातमी चांगली आहे. आधी येत होता आणि आता ढिला पडलाय, चालताना पाऊल फरफटतंय, चप्पल नकळत पायातून निसटतेय, असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. लघवी तुंबली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर पडली, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात जायचं. तिथे तास मोजावे लागतात. सकाळ होऊ दे, असं म्हणायचं नाही. ताप १०१ च्या वर गेला, जखमेतून पू किंवा पाण्यासारखं काही झिरपलं, उठून बसलं की डोकं फुटायला लागतं आणि आडवं झालं की थांबतं, एकच पोटरी सुजून गरम झाली, यातलं काहीही झालं तरी त्याच दिवशी दाखवायचं. अचानक दम लागला तर मात्र तो १०८ चाच फोन.

आता मालकांना सांगा. आज रात्रीच. तुम्हाला बोलणी बसावीत म्हणून हे लिहीत नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी तुम्ही पुन्हा एकट्या पडू नये, म्हणून सांगते.

तीन आठवड्यांवर अर्धी बादली का जड, तेही समजून घ्या. मणक्यांमधली गादी बाहेरून चिवट कड्यांची आणि आतून मऊ गर भरलेली असते. तुमचं कडं फाटलं, गर बाहेर आला आणि नसेवर बसला. डॉक्टरांनी तो बाहेर आलेला तुकडा काढला, अख्खी गादी काढलेली नाही. कड्याला जे भोक पडलं ते तसंच आहे. ते आपोआप, हळूहळू, खपली धरावी तसं भरून येतं, आणि त्याला आठवडे नाहीत, महिने लागतात. तोवर आत जोराचा दाब पडला तर त्याच वाटेनं आणखी गर बाहेर येऊ शकतो. शंभर ऑपरेशनांत साधारण पाच ते पंधरा जणांची गादी पुढे कधीतरी पुन्हा सरकते. बहुतेकांची सरकत नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण भीतीनं आखडून बसणारे पेशंटही मी पुष्कळ पाहिलेत.

हा दाब कुणीतरी मोजलाही आहे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून तो मोजला. उभं राहिल्यावरचा दाब १०० धरला तर उताणं झोपल्यावर २५. उभ्यानं पुढे वाकून हातात वजन घेतलं की २२०. बसून पुढे वाकून वजन घेतलं की २७५. नुसतं बसण्याचा त्यांचा आकडा १४० होता. नंतरच्या मोजण्यांत सैल बसण्याचा दाब एवढा चढा आला नाही, पण वाकून वजन उचलण्याबद्दल दुमत राहिलेलं नाही. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, तुमची अर्धी म्हणजे सात-आठ. सध्या तुमच्या हातात दोन तांबे पाणी, म्हणजे दोन किलो, याहून जास्त काही यायला नको. भाजीची पिशवी, गव्हाचा डबा, कुकर, भाचीचं बाळ, सगळं यात आलं.

सोलापुरात राहून पाणी भरू नका असं सांगणं सोपं नाही, ते मी जाणते. मीही याच गावची. नळाचा सू-सू आवाज आला की हातातलं काम टाकून उठायची आपल्या पायांना सवय आहे. म्हणून नुसतं 'उचलू नका' म्हणत नाही, कसं करायचं ते सांगते. बादलीनं पिंपात पाणी ओतायचा प्रकारच बंद करा. नळापासून पिंपापर्यंत पाइप लावा, दाब कमी असेल तर पिंप नळाजवळ आणा. पिंपाला खाली तोटी बसवून घ्या आणि पिंप विटांच्या चौथऱ्यावर ठेवा, म्हणजे पाणी काढताना तुम्हाला वाकावं लागणार नाही. भरल्यावर ते हलत नाही, त्यामुळे चौथरा आधी. हे काम एकदाच करायचं आहे, प्लंबरला अर्धा दिवस लागेल. पाणी येण्याची वेळ मुलाच्या शाळेत सापडत असेल तर शेजारणीला आधी सांगून ठेवा. मागच्या वर्षी तिच्या घरी कुणी आजारी होतं तेव्हा तुम्ही काय काय केलं असेल, ते मला न सांगता माहीत आहे. त्या दिवशी तुमचं काम एकच, पाइप धरून उभं राहायचं आणि पिंप भरलं की हाक मारायची. कुणीच नसेल तर पाणी वाहून जाऊ दे. दोन दिवस काटकसर करू, टँकर मागवू, पण बादलीला हात लावायचा नाही.

सासूबाईंच्या सव्वा महिन्याबद्दल. त्या मायेनं सांगतायत. बाळंतिणीला जसं जपतात तसं त्यांना तुम्हाला जपायचंय. ज्या घरात सुनेला उठू नको म्हणणारी सासू आहे तिथे निम्मं दुखणं हलकं होतं. पण यातली एक गोष्ट मी स्वतःच्या घरात पाहिलीय. माझ्या आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दवाखान्यातून निघताना जो कागद दिला त्यावर गोळ्यांच्या खाली एकच शब्द होता, विश्रांती. अंथरुणातून उठायचं कसं, किती चालायचं, कुशीवर वळायचं कसं, कुणीही सांगितलं नाही. आई शिस्तीची. तिनं तो शब्द तंतोतंत पाळला आणि दीड महिना पडून राहिली. उठली तेव्हा पिंढऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या, दारापर्यंत गेली की धाप लागायची, आणि पडून पडून कंबर आणखी आखडली होती. तिला पुन्हा मार्केटात चालत जायला सात महिने लागले. मी हा व्यवसाय निवडला तो त्या कागदामुळे.

तेव्हा पडून राहायचं नाही, पण राबायचंही नाही. दिवसभरात थोडं चालणं, थोडं आडवं होणं, थोडं उभं राहणं, आलटून पालटून. बसणं सगळ्यांत कमी, एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, तेही पाठ टेकून, खुर्चीवर. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवं सध्या अजिबात नाही.

सासूबाईंना एक काम द्या, म्हणजे त्यांची माया कारणी लागेल. सकाळी ७ च्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांना बरोबर घेऊन गल्लीत चाला. आज दहा मिनिटं चालवत असेल तर दहाच, पण दिवसातून चार वेळा. दर दोन-तीन दिवसांनी मिनिटं दोन-दोननं वाढवायची. पायात कळ यायला लागली की मागे फिरायचं, नुसतं कमरेत जडपणा असेल तर चालत राहायचं. सहाव्या आठवड्यापर्यंत एका दमात अर्धा तास जमायला हवं. आपल्याकडचा उन्हाळा ४२ च्या पुढे जातो, त्यामुळे दुपारच्या फेऱ्या घरातच, ओट्यापासून दारापर्यंत. सहावा आठवडा लागला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन तळ्याच्या कडेनं सपाट वाटेवर सावकाश फिरा. रिक्षा मात्र खड्डे चुकवणारी बघा. त्याआधी दुचाकीवर मागे बसून कुठेही जायचं नाही, तपासणीलासुद्धा. एका खड्ड्यानं बसणारा धक्का थेट कमरेत जातो.

दवाखान्यानं जे सांगायचं राहिलं ते आता सांगते, अंथरुणातून उठायचं कसं. कागद बाजूला ठेवून एकदा करूनच बघा. उताणं झोपलेल्या आहात. दोन्ही गुडघे वाकवा, तळवे गादीवर टेकलेले. आता खांदा, कंबर आणि गुडघे एकदम, लाकडाचा ओंडका फिरावा तसे कुशीवर वळवा. आधी खांदा आणि मग कंबर, असं पिळलं जाता कामा नये. कुशीवर आल्यावर पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर रेटून धड उचला. पाय खाली जातात त्यांच्या भारानं धड वर येतं. बसल्यावर लगेच उभं राहू नका, दोन श्वास घ्या, मग पलंगाच्या कडेशी सरकून मांड्यांच्या जोरावर उठा. झोपताना हेच उलट. उताण्यावरून सरळ उठून बसणं पुढचे तीन महिने विसरा.

त्यासाठी पलंग हवा. जमिनीवरच्या अंथरुणातून कमरेला न वाकवता उठणं कठीण आहे. पलंग नसेल तर नातेवाइकांकडून दोन-तीन महिन्यांसाठी मागून आणा. लाकडी फळीवर झोपण्याची गरज नाही. पिंजून घेतलेली कापसाची गादी पुष्कळ झाली, फक्त मध्ये खड्डा पडलेली नको. कुशीवर झोपताना आपली सोलापुरी चादर चार घड्या करून दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्या, उताणं झोपताना तीच गुंडाळी करून गुडघ्यांखाली. बाजारातल्या महागड्या उशीपेक्षा ती बरी. जाड असते, दबत नाही.

"घरात वाकल्याशिवाय काय होतं" असं तुम्ही विचारलंत. खरं आहे, आपली घरं वाकणाऱ्या बाईसाठी बांधलेली आहेत. केरसुणी आखूड, फरशी पुसायचं फडकं हातात, कपडे मोरीत, डबे खालच्या फळीवर. वाकून कंबर फिरवणं हे गादीला सगळ्यांत वाईट, आणि झाडणं-पुसणं म्हणजे नेमकं तेच. ही दोन कामं बारा आठवडे तुमची नाहीत. मुलाला द्या, मालकांना द्या. तुमच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, चहा-साखर, तवा, मसाल्याचा डबा, कमरेच्या उंचीवर काढून ठेवा. ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा आणि थोड्या वेळानं पाय बदला, कंबर सैल राहते. चहा, फोडणी, भाजी चिरणं चालेल. भाकरी थापणं नाही, त्यात पुढे झुकून जोर द्यावा लागतो. एवढे दिवस कडक भाकरी विकत आणा. आपल्या गावात ती सगळीकडे मिळते आणि महिनाभर टिकते. आमटीत चुरून खाल्ली, वर शेंगाचटणी घेतली, की जेवण झालं.

जेवणावरून निघालंच आहे तर पोट साफ होण्याबद्दल. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आणि पडून राहिल्यानं शौचाला कडक होतं, आणि कुंथणं म्हणजे कमरेच्या आत दाब. ज्वारी, पालेभाजी, ताक, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, लागलं तर रात्री इसबगोल. भारतीय संडासावर बसू नका. भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते, भाड्यानंही मिळते. आंघोळ स्टुलावर बसून, आणि बादलीही दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्यासाठी खाली वाकणं नको. शिंक किंवा खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरा.

कमरेच्या पट्ट्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही. दिला असेल तर सांगितलंय तेवढेच दिवस, चालताना आणि प्रवासात वापरायचा. दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू आळशी होतात.

आता मुंग्या. नस वर्षभर दबलेली होती. चप्पलेचा पट्टा तासभर करकचला तर पायाला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, इथे तर वर्ष गेलंय. ऑपरेशननंतर बहुतेकांची कळ आधी जाते, शक्ती त्यानंतर येते आणि मुंग्या-बधिरपणा सगळ्यांत शेवटी. इजा झालेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला इंचभर.  सहा महिने, कधी वर्षही लागतं. काहींना थोडासा बधिरपणा कायमचा राहतो, तरी त्यांचं सगळं काम चालतं. मुंग्यांची जागा आक्रसत चाललीय का तेवढं बघा. दर रविवारी अंगठ्यापासून कुठवर आहेत ते पेनानं पायावर खूण करून बघा आणि वहीत लिहा. पंधरा दिवसांत काही दिसणार नाही, दोन महिन्यांत दिसेल.

नणंदेच्या मालिशवाल्याला नाही म्हणा. गोड शब्दांत म्हणा, पण नाहीच म्हणा. मुंग्या पावलात जाणवतात, उगम कमरेत आहे, त्यामुळे पाऊल चोळून त्या जात नाहीत. आणि ताज्या ऑपरेशनच्या कमरेवर कुणी गुडघा टेकवून 'मणका बसवला' तर काय होतं ते मी पाहिलंय, पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं त्या माणसाला. जखमेवर तेल नको, हळद नको. बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवी तर मुळीच लावू नका, भाजलं तरी कळत नाही आणि फोड आल्यावरच समजतं.

एक विचारते, रागावू नका. मिश्री लावता का? पत्रात नाही, पण आपल्याकडे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही आणि तपासताना डॉक्टर विचारत नाहीत. त्यांच्या फॉर्मवर 'सिगारेट ओढता का' असतं, बाई नाही म्हणते, आणि विषय संपतो. तंबाखूतलं निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि गादीच्या कड्याला मुळातच रक्त कमी मिळतं. विड्या वळताना जर्दा हाताळूनही थोडं निकोटीन अंगात जातच असतं. निदान हे तीन महिने मिश्रीची डबी सासूबाईंकडे द्या. त्यांनाही सवय असेल तर दोघी मिळून सोडा. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होईल, डोकं धरेल, मग उतरतं. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवणंही जखमेसाठी तितकंच महत्त्वाचं.

विड्यांबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या काळजीचं मूळ तिथं आहे.

विड्या वळायची बैठक डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर मांडी, मांडीवर सूप, मान खाली, पाठीचा धनुष्यबाण, आणि हजार पुरे होईपर्यंत पाच-सहा-आठ तास तसंच. तुमची गादी एका दिवसात सरकली नाही, अशा वर्षांनी सरकली. त्यामुळे विड्यांना कधी बसता येईल, याचं माझं उत्तर असं : तशा बैठकीत परत बसायचंच नाही. विड्या मात्र वळता येतील. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली की टेबल आणि पाठ असलेली खुर्ची. टेबल बेंबीपेक्षा चार बोटं वर, सूप टेबलावर, कोपरं टेकलेली, पाय जमिनीवर सपाट. कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठून चार पावलं चालायचं, मोबाइलवर गजर लावा. पहिल्या आठवड्यात दिवसाला २०० पेक्षा जास्त नाही. मग ३००, मग ४००. हजारावर यायला तीन-चार महिने लागले तर लागू देत. सुरुवातीला हात चालणार नाही, कारण तुमचे हात मांडीवरच्या सुपाला सरावलेत. माझ्या एका पेशंट बाईनं रडत रडत टेबलावर सुरुवात केली होती, दोन महिन्यांनी तिची जाऊही टेबलाशी येऊन बसली. पाल्याचं आणि जर्द्याचं ओझं कारखान्यातून आणणं आणि माल पोचवणं हे मात्र दुसऱ्या कुणाकडे द्या.

पैशांचं. कारखान्यात तुमचा पीएफ कापला जात असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेच्या कारणासाठी खात्यातून आगाऊ रक्कम मागता येते. डिस्चार्जचा कागद आणि बिलं जपून ठेवा आणि कारखान्यातल्या मुनीमजींना किंवा युनियनच्या माणसाला अर्जाचं विचारा. मालकांच्या लूमवरही खातं असेल तर तेही बघा, घरातल्या माणसाच्या आजारासाठीही अर्ज करता येतो. गटाच्या बैठकीत स्वतः जाऊन, उभं राहून सांगा की दोन हप्ते पुढे ढकला. गटातल्या बायका ऐकतात. गप्प राहून हप्ता चुकवलात तरच बोलतात.

आणि एक गोष्ट पत्रात नाही, पण या वयाच्या जवळजवळ प्रत्येक बाईला विचारायची असते आणि कुणीच विचारत नाही. नवरा-बायकोचा संबंध साधारण सहा आठवड्यांनी, चालताना-उठताना दुखणं उरलं नसेल तेव्हा. तुम्ही उताण्या, गुडघ्यांखाली उशी, आणि दुखलं की लगेच थांबायचं. तोवर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी हे पत्र दाखवलंत तरी चालेल.

"बसून खायची सवय नाही मला," हे तुमचं शेवटचं वाक्य. ताई, तुम्ही बसून खात नाही आहात. दिवसातून चार वेळा चालताय, ओंडक्यासारखं वळून उठताय, तोंडाशी आलेली मिश्री मागे सारताय, नळ आला तरी हात आवरताय. यातलं एकेक काम पाचशे विड्यांइतकं अवघड आहे. संध्याकाळी उगाच रडू येतं, आपण घराला भार झालो असं वाटतं, तेही या दिवसांत पुष्कळांना होतं. तेव्हा सासूबाईंजवळ जाऊन बसा, खुर्ची ओढून. पंधरा-वीस दिवस सलग तसंच राहिलं, झोप आणि भूक दोन्ही गेली, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे.

पुढच्या तपासणीला जाताना वहीत चार प्रश्न लिहून न्या. वजन किती आणि कधीपासून उचलू? पोटा-पाठीचे व्यायाम कधी सुरू करू आणि ते शिकवणार कोण? खुर्चीवर बसून काम कधी? गोळ्यांपैकी कुठली कधी बंद करू? डॉक्टर घाईत असले तरी वही पुढे करा, लिहिलेलं बघून माणूस थांबतो. माझ्या लिहिण्यात आणि त्यांच्या सांगण्यात फरक पडला तर त्यांचं ऐका, तुमची कंबर त्यांनी आतून पाहिलीय. मालकांना आत बरोबर घेऊन जा, बाहेर बाकड्यावर बसवू नका.

आणि रविवारी पेनाची खूण केल्यावर मला दोन ओळी लिहा. अंगठा किती वर येतो, आणि पिंपाला तोटी बसली का.